घटक ४ : भाषिक संशोधनातील आलेख : रचना, आज्ञावली आणि वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• भाषाविषयक आकडेवारीतून संशोधनाचा प्रश्न मांडून त्यास योग्य असा आलेखप्रकार निवडता येईल.
• एकाच सामग्रीचे वेगवेगळे आलेख वेगवेगळे अर्थ का सुचवतात, हे सांगता येईल.
• संगणकावरील आलेखन-आज्ञावली वापरून देवनागरी मजकुरासह, छपाईयोग्य आलेख तयार करता येईल.
• दुसऱ्याने काढलेला आलेख चिकित्सकपणे वाचता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषिक सामग्री कशी गोळा करावी, याची माहिती घेतली. गोळा केलेली सामग्री वाचकापुढे कशी ठेवावी, हा या घटकाचा विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला आलेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आलेख म्हणजे भौतिकशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या वहीतली गोष्ट, अशी आपली समजूत असते. परंतु भाषाविज्ञान हे निरीक्षणावर आधारलेले शास्त्र आहे. स्वनांचा कालावधी, शब्दांची वारंवारता, बोलीरूपांचा प्रसार, भाषकांची संख्या या सर्व गोष्टी मोजता येतात. आणि जे मोजता येते ते आलेखाने दाखवता येते.

स्तंभालेख आणि कालरेषेवरील रेषालेख यांचा पद्धतशीर वापर विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक ग्रंथात प्रथम आढळतो. आकड्यांच्या लांबलचक कोष्टकातून वाचकाला जे दिसत नाही, ते एका रेषेने दिसावे, हा त्याचा हेतू होता. हेतू आजही तोच आहे. मात्र तेव्हा आलेख हाताने काढून ताम्रपटावर कोरावा लागे. आज तो संगणकावर काही क्षणांत तयार होतो. या सोयीमुळेच आलेखामागील विचार टाळण्याचा मोह होतो. म्हणून या घटकात आधी विचार आणि मग आज्ञावली असा क्रम ठेवला आहे.

उदाहरणासाठी आपण आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न घेणार आहोत : मराठी भाषकांची संख्या वाढते आहे की घटते आहे? या प्रश्नावर व्यासपीठांवरून ठामपणे बोलले जाते. आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आपण आलेखांच्या आधारे पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आलेख हे एक विधान असते

आलेख ही सजावट नव्हे. प्रत्येक आलेख एक विधान करीत असतो. 'मराठी भाषकांची संख्या चाळीस वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली' हे एक विधान आहे. 'देशाच्या लोकसंख्येतील मराठी भाषकांचे प्रमाण कमी झाले' हे दुसरे. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींसाठी वेगळा आलेख लागतो. म्हणून संगणकासमोर बसण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे : 'या आलेखातून मला असे दाखवायचे आहे की...'. हे वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर आलेख काढण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

४.२.२ सामग्रीची मांडणी

भारताच्या जनगणनेत मातृभाषा म्हणून मराठी नोंदवलेल्या व्यक्तींची संख्या व देशाच्या लोकसंख्येशी तिचे शेकडा प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

| वर्ष | मराठी भाषक | शेकडा प्रमाण |
|---|---|---|
| १९७१ | ४,१७,६५,१९० | ७.६२ |
| १९८१ | ४,९४,५२,९२२ | ७.४३ |
| १९९१ | ६,२४,८१,६८१ | ७.४५ |
| २००१ | ७,१९,३६,८९४ | ६.९९ |
| २०११ | ८,३०,२६,६८० | ६.८६ |

हे कोष्टक संगणकात भरताना चार पथ्ये पाळावीत. एक, प्रत्येक ओळीत एकच निरीक्षण आणि प्रत्येक स्तंभात एकच चल असावे. संख्या आणि प्रमाण एकाच चौकटीत लिहू नये. दोन, आकड्यांमधील स्वल्पविराम काढून टाकावेत. तीन, आकडे देवनागरी अंकांत न भरता आंतरराष्ट्रीय अंकांत भरावेत, कारण बहुतेक आलेखन-आज्ञावली देवनागरी अंकांना संख्या न मानता मजकूर मानतात आणि आलेख कोराच राहतो. चार, सामग्रीतील उणिवांची नोंद सोबतच ठेवावी. उदाहरणार्थ, १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नव्हती. त्या दोन वर्षांची शेकडेवारी ही ती राज्ये वगळून काढलेली आहे. ही बाब आलेखाखालच्या टिपेत आलीच पाहिजे.

४.२.३ एकच सामग्री, तीन आलेख

पहिला आलेख : आडव्या अक्षावर वर्ष व उभ्या अक्षावर भाषकांची संख्या (कोटींत) घेऊन रेषा काढली, तर ती ४.१८ पासून ८.३० पर्यंत सतत चढत जाते. वाचक म्हणतो, मराठी जोमात आहे.

दुसरा आलेख : उभ्या अक्षावर शेकडा प्रमाण घेतले, तर रेषा ७.६२ वरून ६.८६ वर उतरते. वाचक म्हणतो, मराठी मागे पडते आहे.

तिसरा आलेख : १९७१ ची संख्या १०० मानून पुढील वर्षांचे निर्देशांक काढावेत. २०११ मध्ये मराठीचा निर्देशांक १९८.८ येतो. देशाची लोकसंख्या १९७१ मध्ये ५४.८२ कोटी व २०११ मध्ये १२१.०९ कोटी होती. तिचा निर्देशांक २२०.९ येतो. दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघतात, दोन्ही वर जातात, पण त्यांच्यातील अंतर वाढत जाते. 'मराठी भाषक वाढले, परंतु देशाच्या लोकसंख्येपेक्षा कमी वेगाने' हे संपूर्ण विधान या एकाच आलेखात सामावते. पहिले दोन आलेख खोटे नाहीत. ते अपुरे आहेत.

याच आलेखात हिंदीची रेषा घालावी असे वाटेल. हिंदीचा २०११ चा निर्देशांक २६०.६ आहे. परंतु जनगणनेतील 'हिंदी' या शीर्षकाखाली भोजपुरी, राजस्थानी यांसारख्या अनेक मातृभाषांच्या नोंदी एकत्र केलेल्या असतात. ही रेषा घालायची असेल, तर हा खुलासाही घालावा लागेल.

संख्या आणि प्रमाण या दोन्ही रेषा एकाच चौकटीत, डावीकडे एक व उजवीकडे दुसरा असे दोन उभे अक्ष देऊन काढण्याची पद्धत बरीच दिसते. ती टाळावी. त्यात एक रेषा चढते, एक उतरते आणि मध्ये कोठेतरी त्या एकमेकींना छेदतात. तो छेदबिंदू वाचकाला मोठा अर्थपूर्ण वाटतो. वस्तुतः अक्षांची मापे बदलली की तो हवा तेथे सरकवता येतो. त्याला काहीही अर्थ नसतो.

४.२.४ उभ्या अक्षाची सुरुवात

दुसऱ्या आलेखाकडे पुन्हा वळू. उभा अक्ष ६.८ ते ७.७ असा घेतला, तर मराठीची रेषा आलेखाच्या उंचीच्या सुमारे पाच-षष्ठांश भागातून खाली कोसळते. तोच अक्ष ० ते १० असा घेतला, तर उतार उंचीच्या जेमतेम तेराव्या भागाइतका दिसतो. आकडे तेच, परंतु एक आलेख धोक्याची घंटा वाजवतो आणि दुसरा निश्चिंत करतो.

यासाठी पुढील नियम ध्यानात ठेवावा. स्तंभालेखात वाचक स्तंभाची उंची पाहतो; म्हणून त्याचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. रेषालेखात वाचक चढ-उतार पाहतो. तेथे शून्य सक्तीचे नाही, पण अक्ष कोठून सुरू केला हे स्पष्ट लिहावे आणि मजकुरात बदलाचे खरे मान द्यावे. येथेच आणखी एक सावधगिरी हवी. ७.६२ वरून ६.८६ ही घट ०.७६ टक्के-बिंदूंची आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत मात्र ती सुमारे १० टक्के आहे. 'मराठी १० टक्क्यांनी घटली' एवढेच लिहिल्यास वाचकाची दिशाभूल होईल, कारण त्याला भाषकसंख्याच घटली असे वाटेल.

आडव्या अक्षाबाबतही एक खाचखळगा आहे. कोष्टक-आज्ञावलीतील साधा 'रेषालेख' हा पर्याय वर्षांना नावे समजून समान अंतरावर मांडतो. १९०१, १९३१, १९७१, १९८१ अशी विषम अंतराची वर्षे असतील, तर तीस, चाळीस आणि दहा वर्षे सारख्याच लांबीची दिसतील. अशा वेळी दोन्ही अक्ष संख्यात्मक असलेला बिंदू-आलेख निवडून बिंदू रेषेने जोडावेत. तसेच शेवटच्या आकड्यापुढे रेषा वाढवू नये. आपल्याजवळ २०११ पर्यंतचे आकडे असतील, तर रेषा २०११ लाच थांबली पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १
अ) १९७१ = १०० मानून मराठीचा २००१ चा निर्देशांक काढा.
आ) स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून का सुरू करावा?

४.२.५ आलेख कारण सांगत नाही

प्रमाण घटले, हे आलेखाने दाखवले. का घटले? लोक मराठी सोडत आहेत काय? या प्रश्नासाठी आपल्याला आणखी एक सामग्री शेजारी ठेवावी लागेल. मराठी भाषकांची व महाराष्ट्राच्या लोकसंख्येची दशवार्षिक वाढ (टक्के) अशी आहे.

| दशक | मराठी भाषक | महाराष्ट्र |
|---|---|---|
| १९७१–८१ | १८.४ | २४.५ |
| १९८१–९१ | २६.३ | २५.७ |
| १९९१–२००१ | १५.१ | २२.७ |
| २००१–११ | १५.४ | १६.० |

हे आकडे जोडस्तंभांच्या आलेखात मांडून पाहा. दोन दशकांत स्तंभ जवळजवळ समान उंचीचे आहेत. दोन दशकांत मराठीचा स्तंभ बराच बुटका आहे. ज्याला 'मराठी मागे पडली' असे म्हणायचे आहे, तो १९९१–२००१ ची जोडी दाखवील. ज्याला 'सर्व ठीक आहे' असे म्हणायचे आहे, तो २००१–११ ची. संशोधकाने चारही जोड्या दाखवल्या पाहिजेत. चाळीस वर्षांचा एकत्रित विचार केला, तर महाराष्ट्राची लोकसंख्या २.२३ पट झाली आणि मराठी भाषक १.९९ पट झाले. म्हणजे अंतर आहे, पण ते दर दशकात सारखे पडलेले नाही. त्यामागे राज्यात होणारे स्थलांतर, जन्मदर, मातृभाषा नोंदवण्याच्या पद्धतीतील फरक अशी अनेक कारणे संभवतात. शिवाय पहिल्या स्तंभात देशभरातील मराठी भाषक आहेत, दुसऱ्यात केवळ महाराष्ट्रातील रहिवासी. ही तुलना सूचक आहे, निर्णायक नाही.

नोंदीचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडे वळू. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या भागांत तसेच धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांत अहिराणी बोलली जाते. जनगणनेत अहिराणीची गणना 'खानदेशी' या शीर्षकाखाली मराठीपासून वेगळी केली जाते. खानदेशीचे भाषक १९९१ मध्ये सुमारे ९.७४ लाख, २००१ मध्ये २०.७५ लाख आणि २०११ मध्ये १८.६० लाख नोंदले गेले. या तीन बिंदूंतून रेषा काढली, तर ती दहा वर्षांत दुपटीहून उंच चढते आणि नंतर खाली येते. जन्म-मृत्यूंनी अशी रेषा तयार होत नाही. घरात अहिराणी बोलणारे कुटुंब प्रगणकाला कधी 'अहिराणी' सांगते, कधी 'मराठी' सांगते. त्या उत्तरातील बदलाचा वाटा येथे मोठा असला पाहिजे. हा आलेख भाषकांच्या संख्येपेक्षा भाषकांच्या आत्मप्रतिमेविषयी अधिक बोलतो. ज्या विद्यार्थ्याला असा अर्थ लावता येतो, त्यालाच आलेख वाचता आला असे म्हणता येईल.

४.२.६ आज्ञावलीची निवड

आलेखासाठी उपलब्ध साधनांचे दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग कोष्टक-आज्ञावलींचा : एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारी लिब्रेऑफिस कॅल्क. येथे माउसने पर्याय निवडून आलेख काढतात. शिकण्यास त्या सोप्या आहेत आणि आपल्या प्रकल्पासाठी पुरेशा आहेत. दुसरा वर्ग लिखित आज्ञांवर चालणाऱ्या साधनांचा : १९८६ पासून उपलब्ध असलेले ग्नूप्लॉट आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केलेली 'आर' ही संख्याशास्त्रीय भाषा. ही दोन्ही साधनेही विनामूल्य आहेत.

दुसऱ्या वर्गाचा खरा फायदा पुनरावृत्तीत आहे. येथे सामग्रीची धारिका वेगळी असते आणि आज्ञांची धारिका वेगळी. कोणती धारिका वाचायची, कोणता स्तंभ कोणत्या अक्षावर घ्यायचा, अक्षाची मर्यादा काय, अक्षनाम काय, चित्र कोणत्या स्वरूपात जतन करायचे, हे सारे ओळीओळीने लिहिलेले असते. सामग्रीतील एक आकडा दुरुस्त झाला, तर त्याच आज्ञा पुन्हा चालवल्या की आलेख तयार होतो. प्रबंधात वीस आलेख असतील, तर वीसही एकाच शैलीत निघतात. मार्गदर्शकांनी 'हा आलेख कसा काढलात?' असे सहा महिन्यांनी विचारले, तरी आज्ञांची धारिकाच उत्तर देते. बी.ए. च्या प्रकल्पासाठी पहिला वर्ग आणि पुढील संशोधनासाठी दुसरा, अशी चढण ठेवावी.

४.२.७ देवनागरी आणि छपाई

मराठी आलेखात अक्षनामे मराठीतच असावीत. येथे एक तांत्रिक अडचण येते. देवनागरीत जोडाक्षरे व मात्रा यांची जुळणी संगणकाला स्वतंत्रपणे करावी लागते. ज्या साधनात ही सोय नसते, तेथे ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जातो आणि जोडाक्षरे हलन्त चिन्हांसह फुटतात. त्यावर उपाय आहेत : युनिकोड टंक निवडावा, धारिका यूटीएफ-८ स्वरूपात जतन करावी आणि ग्नूप्लॉट वापरत असाल, तर 'कैरो' या नावाने दिलेले पीडीएफ किंवा पीएनजी निर्गम निवडावेत, त्यांत जुळणी बरोबर होते. तपासणीसाठी 'शक्ती', 'क्रिया', 'लिपी' हे तीन शब्द अक्षनामात लिहून पाहावेत. ते शुद्ध उमटले, तर बाकीचे बहुधा उमटतात.

छपाईसाठी शक्यतो पीडीएफ किंवा एसव्हीजी या रेषाधारित स्वरूपात आलेख जतन करावा. तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. बिंदुचित्र द्यावेच लागले, तर ते दर इंचास ३०० बिंदू इतके दाट असावे. आलेख पानावर ज्या रुंदीला छापला जाणार, त्याच रुंदीला तयार करावा. मोठा काढून लहान केला, की अक्षरे मुंगीएवढी होतात. प्रबंधाच्या प्रती बहुधा कृष्णधवल निघतात; म्हणून रेषांतील भेद केवळ रंगाने न दाखवता एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची असा दाखवावा. त्रिमिती स्तंभ, सावल्या आणि रंगीत पार्श्वभूमी यांनी आकडा वाचणे अवघड होते. ती वर्ज्य समजावीत.

४.२.८ स्वनांचा आलेख

भाषाविज्ञानाचा स्वतःचा असाही एक आलेख आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेल्या 'प्रात' या विनामूल्य आज्ञावलीत ध्वनिमुद्रण उघडून स्वराच्या पहिल्या दोन अनुनाद-वारंवारता मोजता येतात. जीभ खाली गेली, की पहिली वारंवारता वाढते. जीभ पुढे आली, की दुसरी वाढते. आडव्या अक्षावर दुसरी व उभ्या अक्षावर पहिली वारंवारता घेऊन दोन्ही अक्ष उलटे मांडले, तर 'ई' वरच्या डाव्या कोपऱ्यात, 'ऊ' वरच्या उजव्या बाजूला आणि 'आ' तळाशी येतो. पाठ्यपुस्तकातील स्वरांची आकृतीच डोळ्यांपुढे उभी राहते.

लेखनात आपण ऱ्हस्व व दीर्घ इकार काटेकोरपणे वेगळे ठेवतो. उच्चारात ते वेगळे राहतात का? दहा भाषकांकडून निवडक शब्द वदवून घेऊन प्रत्येक उच्चाराचा एक बिंदू मांडावा. दोन ढग वेगळे दिसले, तर भेद आहे. एकमेकांत मिसळले, तर तो गुणाने तरी नाही, असे म्हणता येईल. कालावधीचा आलेख मग स्वतंत्र काढावा. येथे केवळ सरासरीचा बिंदू देऊ नये. सरासरी ही ढगाचा मध्य सांगते, ढगाचा विस्तार सांगत नाही. आणि आपला प्रश्न विस्ताराचाच आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २
अ) खानदेशीच्या आलेखातून भाषकसंख्येविषयी थेट निष्कर्ष का काढू नये?
आ) स्वरांच्या आलेखात प्रत्येक उच्चाराचा बिंदू का दाखवावा?

४.३ सारांश

आलेख हे विधान असते आणि त्याची जबाबदारी संशोधकावर असते. मराठी भाषकांच्या आकडेवारीवरून आपण पाहिले, की संख्या, प्रमाण व निर्देशांक यांचे आलेख वेगवेगळे बोलतात. अक्षाची सुरुवात, वर्षांतील अंतर व दोन उभे अक्ष यांमुळे अर्थ बदलतो. वाढीच्या व खानदेशीच्या उदाहरणांवरून हे स्पष्ट झाले, की आलेख बदल दाखवतो, कारण दाखवत नाही. आज्ञावली कोणतीही असली, तरी सामग्री स्वच्छ, आज्ञा जतन केलेल्या, देवनागरी शुद्ध आणि टीप पूर्ण असावी.

४.४ पारिभाषिक शब्द

निर्देशांक : एका आधारवर्षाचे मूल्य १०० मानून काढलेले तुलनात्मक मूल्य.
टक्के-बिंदू : दोन शेकडेवारींमधील थेट वजाबाकी.
बिंदू-आलेख : दोन्ही अक्ष संख्यात्मक असलेला, प्रत्येक निरीक्षण बिंदूने दाखवणारा आलेख.
प्रगणक : जनगणनेत घरोघरी माहिती नोंदवणारी व्यक्ती.
अनुनाद-वारंवारता : मुखपोकळीच्या आकारामुळे ठळक होणारी ध्वनीची वारंवारता.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १७२.२. आ) वाचक स्तंभाची संपूर्ण उंची मूल्य म्हणून वाचतो, अक्ष मध्येच सुरू केल्यास उंचीचे गुणोत्तर खोटे ठरते.

प्रश्न २ : अ) आकड्यांतील चढ-उतार नैसर्गिक वाढीने होण्याजोगा नाही, मातृभाषा म्हणून काय सांगितले गेले, यातील बदल त्यात मिसळलेला असावा. आ) दोन स्वर वेगळे की एक, हे त्यांच्या बिंदूंच्या विस्तारावरून ठरते, सरासरी तो विस्तार झाकते.

४.६ स्वाध्याय

१. वृत्तपत्रातील एखादा आलेख निवडून त्यातील अक्ष, टीप आणि विधान यांची चिकित्सा सुमारे ३०० शब्दांत करा.

२. या घटकातील दशवार्षिक वाढीच्या कोष्टकाचा जोडस्तंभ आलेख काढा व त्याखाली तीन ओळींची टीप लिहा.

उपक्रम : आपल्या गावातील वीस कुटुंबांत 'जनगणनेत तुम्ही मातृभाषा कोणती सांगाल?' आणि 'घरात कोणती भाषा बोलता?' हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. दोन्ही उत्तरे जुळतात की नाही, याचा आलेख काढा. उत्तरे देणाऱ्यांची नावे नोंदवू नका. आलेख काढण्यापूर्वी कागदावर आपले एक वाक्य लिहा; आलेख काढल्यानंतर ते पुन्हा वाचा आणि सामग्रीशी ते जुळत नसेल, तर वाक्य बदला, सामग्री बदलू नका.